सहाव्या फेरीतल्या मुलाचीही बातमी करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टविषयी, म्हणजे संघांनी दरवर्षी पाळीपाळीने नवी मुलं निवडण्याविषयी, एक चौकट वाचली. शीर्षक होतं ‘अठराव्या वर्षी कोट्यधीश!’ बर्फावरच्या हॉकीला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळालेली पाहून बरंच वाटलं. मी कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात राहते. सकाळी चहाबरोबर तुमचा ई-पेपर उघडते आणि क्रीडा पानावर क्रिकेटखेरीज काही दिसलं की आधी तेच वाचते. पण या चौकटीत एक चूक आहे, आणि एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. पत्र लांबणार आहे. कापायचंच झालं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आधी चूक. ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं की मुलाचा करार झाला आणि पैसे सुरू झाले, असं चौकट वाचून वाटतं. प्रत्यक्षात ड्राफ्टने एवढंच ठरतं, की या मुलाशी करार करण्याचा हक्क एनएचएलच्या बत्तीस संघांपैकी कोणाचा. सात फेऱ्या आणि २२४ नावं. त्यानंतर संघाला वाटलं तर तो करार करतो, नाही वाटलं तर नाही करत. मी ज्या मुलाबद्दल लिहिणार आहे त्याच्या वेळी कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून उचललेल्या मुलावरचा हा हक्क दोन वर्षं टिकायचा. दुसऱ्या वर्षीच्या १ जूनपर्यंत सही झाली नाही की मुलगा मोकळा. मोकळा म्हणजे पुन्हा रांगेत, आणि वय दोन वर्षांनी वाढलेलं.

सही झाली तरी नवख्याच्या मूळ पगाराला वरची मर्यादा आहे, ती सध्या वर्षाला सुमारे दहा लाख अमेरिकी डॉलर. ही मर्यादा १९९५ साली आली. त्याच्या दोनच वर्षं आधी अलेक्झांडर डेग या पहिल्या क्रमांकाच्या मुलाला ओटावाच्या संघाने इतकं भरमसाट दिलं होतं, की बाकीच्या मालकांचे डोळे पांढरे झाले. डेगकडून ज्या अपेक्षा होत्या त्या पुढे पुऱ्या झाल्या नाहीत, हे वेगळंच. शिवाय एनएचएलचा पगार एनएचएलमध्ये खेळलात तरच. एएचएल या एनएचएलच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये पाठवलं तर त्याच करारात वर्षाचा आकडा एक लाख डॉलरच्याही खाली येतो. तेव्हा तुमच्या चौकटीतला ‘कोट्यधीश’ पहिल्या फेरीतल्या मूठभरांना लागू पडतो. शेवटच्या फेऱ्यांतल्या बहुतेकांना एनएचएलचा एकही सामना मिळत नाही.

आता राहून गेलेली गोष्ट. मी हॉकीची जाणकार नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, रक्त-लघवी तपासली. आमची मुलं शिकायला बाहेर पडली आणि तळघरातली खोली रिकामी झाली, तेव्हा शेजारणीने आम्हाला ‘बिलेट’ व्हायला सुचवलं. इथल्या ज्युनिअर संघांत खेळायला मुलं सोळाव्या वर्षी घर सोडून येतात. ती वसतिगृहात राहत नाहीत, गावातल्या कुटुंबांत राहतात. संघ त्या कुटुंबाला महिन्याला थोडे पैसे देतो, आणि त्या पैशांत या वयाच्या मुलाचं दूधसुद्धा भागत नाही. रात्री किती वाजता घरात पाहिजे, शाळेला दांडी मारली तर कोणाला कळवायचं, सामन्याच्या दिवशी दुपारी किती वाजता झोपू द्यायचं, हे सगळं ठरलेलं असतं. वैधानिक पालक आपण नसतो, पण ताप आला तर उशाशी बसणारे आपणच.

ज्युनिअर म्हणजे शाळेचा संघ नव्हे, तेही सांगायला हवं. कॅनडियन हॉकी लीगच्या छत्राखाली तीन लीग आहेत: ओंटारिओची, क्विबेक आणि सागरी प्रांतांची, आणि आमच्या पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल. सोळा ते वीस वयाची मुलं हंगामात ६८ सामने खेळतात (क्विबेकमध्ये ६४), शेवटी मेमोरियल कप. हा कप १९१९ पासून चालू आहे. डब्ल्यूएचएलचे संघ मॅनिटोबापासून पॅसिफिकपर्यंत, शिवाय अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांतही आहेत. बसने जायचं. सामना संपला की अंघोळ करून पुन्हा बसमध्ये, आणि पहाटे गावात उतरून सकाळी शाळेत. यांची निवड तर त्याहून आधी, चौदा-पंधराव्या वर्षी होते. मुलाच्या दाढीचा पत्ता नसतो आणि त्याचे हक्क हजार किलोमीटरवरच्या संघाकडे गेलेले असतात.

आमच्याकडे आलेला मुलगा शेजारच्या प्रांतातल्या शेतकऱ्याचा. नाव, गाव, संघ मुद्दाम देत नाही. बचावफळीत खेळायचा, ऑगस्टचा जन्म. जन्ममहिन्याला इथे काय किंमत आहे ते मला त्याच्यामुळे कळलं. मुलांचे वयोगट १ जानेवारीला धरून पडतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात, आणि दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा तरी. जानेवारीचा मुलगा अंगाने मोठा, म्हणून तो वरच्या संघात. वरच्या संघात म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ. रॉजर बार्न्सली या कॅनडियन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात खेळाडूंच्या जन्मतारखा मोजून हे दाखवून दिलं. तरी व्यवस्था जिथल्या तिथे. ड्राफ्टची तारीख पुन्हा निराळी, १५ सप्टेंबर. म्हणून ऑगस्टचा मुलगा ड्राफ्टमध्येही धाकट्यांतला धाकटा. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात जन्मलेला मुलगा त्याच्याच यादीत असतो, जवळजवळ एक वर्ष जास्त वाढलेला.

पहिल्या हंगामात तो किती तरी सामने नुसता बसला. इथे त्याला ‘हेल्दी स्क्रॅच’ म्हणतात: अंगाने ठणठणीत, पण यादीत नाव नाही. तेव्हा सूट-टाय घालून वर प्रेक्षकांत बसायचं आणि खाली आपला संघ बघायचा. अशा रात्री तो घरी आला की मी काही विचारत नसे. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर हॉकी स्टिक आडवी टाकायचा आणि पात्यावरची काळी टेप सोलून नवी गुंडाळायला घ्यायचा. टाचेकडून टोकाकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, अंगठ्याने सुरकुती दाबत. मग मेण चोळायचं, म्हणजे टेपला बर्फ चिकटत नाही. पूर्ण झालं की उजेडात धरून बघायचा आणि कधी कधी सगळं उपटून पुन्हा सुरू करायचा. ती चिकट काळी कात्रणं माझ्या पोळपाटाखालीसुद्धा सापडायची. तळघरात त्याचं सामान वाळत असायचं. त्या हातमोज्यांच्या वासाचं वर्णन मी छापायला देणार नाही. आमच्या ह्यांनी शेवटी तिथे वेगळा पंखा बसवून घेतला.

दुसऱ्या वर्षी तो खेळू लागला आणि बरा खेळू लागला. ते त्याचं ड्राफ्टचं वर्ष. एनएचएल संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट येऊन बसायचे, कोपऱ्यात, हातात कॉफी आणि वही. याच वर्षी तो बारावीलाही होता.

जानेवारीत मुलांच्या अदलाबदलीची शेवटची तारीख असते. बातम्यांत एनएचएलच्या ट्रेडविषयी आपण वाचतो, ती तिशीतली, वकील-एजंट असलेली माणसं. इथे सतरा वर्षांची मुलं ट्रेड होतात. दुपारी शाळा सुटायच्या आधी त्याला फोन आला. संघाच्या कचेरीत दहा मिनिटांचं बोलणं झालं. आपल्या बदल्यात एक वीस वर्षांचा मुलगा आणि पुढच्या कुठल्याशा निवडीचे हक्क आले आहेत, हे त्याला तिथे कळलं. ब्रिटिश कोलंबियातल्या संघाकडे जायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. घरी आला, तळघरात गेला आणि बॅग भरू लागला. मी जिन्यात उभी राहून विचारलं, केमिस्ट्रीच्या परीक्षेचं काय? तो म्हणाला, तिकडे बघू. तिकडे प्रांत वेगळा, अभ्यासक्रम वेगळा. इथे सेमिस्टर संपायला तीन आठवडे राहिले होते. त्या रात्री त्याच्या शाळेला, त्याच्या आईला आणि नव्या गावच्या शाळेच्या समुपदेशकाला आमच्या फोनवरून फोन झाले. संघाकडून शिक्षणाचं बघणाऱ्या माणसाचा फोन आला तो त्यानंतरच्या आठवड्यात. परीक्षा त्याने दिली, इंटरनेटवरून, नव्या बिलेटच्या घरी बसून. पास झाला.

संघ वाईट होता असं मी म्हणत नाही. बक्षिसाच्या शर्यतीत असलेला प्रत्येक संघ हेच करतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की जो ‘प्रवास’ वर्तमानपत्रं रंगवून सांगतात त्यात ही दुपारही मोजा.

जूनमध्ये ड्राफ्ट झाला. तुमच्या वाचकांनी टीव्हीवर पाहिला असेल तो पहिल्या फेरीचा, दिव्यांचा, सूट घातलेल्या पोरांचा. बाकीच्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी होतात आणि भराभर उरकतात. आमचा मुलगा तेव्हा वडिलांच्या शेतावर फवारणीच्या यंत्रावर होता. फोन खिशात थरथरला तो त्याला कळलाही नाही. त्याची बहीण शेताच्या बांधावरून हात हलवत आली. सहावी फेरी! आम्ही इकडे ओरडलो. त्या संध्याकाळी मला विचारलं असतं तर मीही तुमच्यासारखंच शीर्षक दिलं असतं.

पुढची दोन वर्षं तो उन्हाळ्यात एनएचएल संघाच्या शिबिराला जायचा, सप्टेंबरात नवख्यांच्या शिबिराला जायचा आणि परत यायचा. मधली वाट त्याच्यासाठी बंद होती. नियम असा, की कॅनडियन ज्युनिअरमधून घेतलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एकतर एनएचएलमध्ये खेळणार, नाहीतर आपल्या ज्युनिअर संघात परत, एएचएल नाही. एनएचएल आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या अलीकडच्या करारात एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी थोडी सैल झाली आहे म्हणे ही गाठ. त्याला तिचा उपयोग नव्हता. दुसऱ्या वर्षीचा १ जून आला. संघाकडून फोन आला नाही. नाही म्हणायलाही नाही आला. फोन न येणं हेच उत्तर असतं, हे त्याच्या सल्लागाराने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

मग ‘ओव्हरएजर’चं वर्ष. वीस वर्षांची मुलं प्रत्येक संघाला फक्त तीन ठेवता येतात. शरद ऋतूत जिथे चार-पाच असतात तिथे कोणाला तरी घरी जावं लागतं, आणि चार वर्षं त्या संघासाठी पक, म्हणजे खेळातली कडक रबरी चकती, अंगावर झेललेल्या मुलालाही त्याच दारातून बाहेर काढतात. याला ठेवलं. शेवटचा हंगाम म्हणून तो जीव तोडून खेळत होता. मार्च २०२० मध्ये महासाथीने सगळं बंद पडलं, बाद फेऱ्या झाल्याच नाहीत. मेमोरियल कपही त्या वर्षी झाला नाही. त्याची ज्युनिअर हॉकी अशी एका ई-मेलने संपली.

आणि इथून पुढे, संपादक महोदय, तुमच्या चौकटीत जे नाही ते सुरू होतं. डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाची कॉलेजची फी आणि पुस्तकं संघाकडून मिळतात. पाच हंगाम, पाच वर्षं. अट अशी, की एनएचएलचा करार केला की हा हक्क जातो, आणि ज्युनिअर संपल्यावर ठराविक मुदतीत कॉलेज सुरू केलं नाही तरीही जातो. म्हणजे खालच्या लीगमध्ये कुठे तरी चार पैसे मिळवत नशीब आजमावत बसणारा मुलगा आपली पदवी जुगारावर लावत असतो, आणि त्याला ते कोणी नीट सांगितलेलं नसतं. आमच्या मुलाला त्याच्या आईने सांगितलं होतं. त्या बाईने सोळाव्या वर्षीच्या कागदावर सही करण्यापूर्वी शिक्षणाचं पान दोनदा वाचलं होतं. माझ्याजवळही एक प्रत दिली होती आणि फ्रीजवर लावा म्हणाली होती. तो कॅनडातल्या विद्यापीठात गेला, विद्यापीठाच्या संघात खेळला, सिव्हिल इंजिनिअर झाला, कर्जाशिवाय. आज एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. नळाला पाणी आलं नाही तर लोक त्याला शिव्या देतात, आणि रेफरीच्या मानाने त्या सौम्य असतात, असं तो म्हणतो.

या मुलांना पगार मिळतो का, असं इथले आपले लोक मला नेहमी विचारतात. हातखर्च मिळतो. माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला. २०२० मध्ये तीन कोटी कॅनेडियन डॉलरवर तडजोड ठरली. दरम्यान बहुतेक प्रांतांनी कायद्यातच दुरुस्ती करून या मुलांना किमान वेतनाच्या बाहेर ठेवलं, कारण ते नोकर नव्हेत, ‘विद्यार्थी-खेळाडू’. तिकिटं विकली जातात, जर्सी विकल्या जातात, प्रशिक्षकाला पगार आहे, बर्फ सारखा करणाऱ्यालाही आहे. मला हा युक्तिवाद कधी पटला नाही. आणि उरलंच काही तर ती शिष्यवृत्ती आहे, म्हणून तरी तिच्याबद्दल मोठ्याने बोला.

बसविषयी लिहिल्याशिवाय सास्काचेवानमधल्या बाईचं पत्र पुरं होणार नाही. ६ एप्रिल २०१८ ला हम्बोल्ट ब्रॉन्कोस या ज्युनिअर संघाची बस बाद फेरीच्या सामन्याला निपाविनकडे जात होती. महामार्ग ३५ आणि ३३५ च्या चौकात मालट्रक आडवा आला. सोळा जण गेले, त्यांतले दहा खेळाडू. तेरा जखमी. त्या रात्री या प्रांतातल्या प्रत्येक बिलेट आईने आपल्या मुलाला फोन केला, आपला मुलगा त्या बसमध्ये नाही हे माहीत असूनही. मीही केला. तो तेव्हा डोंगरांपलीकडे होता. लोकांनी पोर्चमध्ये हॉकी स्टिका ठेवल्या. आमच्याही दाराशी त्याची एक जुनी होती. त्यानंतर ट्रकचालकांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. याआधीही, १९८६ च्या डिसेंबरात, स्विफ्ट करंट ब्रॉन्कोसच्या बसला अपघात होऊन चार मुलं गेली होती. बस मात्र आजही तशीच चालते, हिवाळ्यात, रात्री, कारण सामन्यांचं वेळापत्रक तसंच आहे.

हल्ली एक चांगली गोष्ट झाली आहे आणि ती तुमच्या वाचकांच्या कामाची आहे. पूर्वी या लीगमध्ये एक सामना जरी खेळला तरी अमेरिकी कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, कारण तिथल्या कॉलेज-खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या हिशेबी ही मुलं व्यावसायिक ठरत. हातखर्चावर राहणारी व्यावसायिक! पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाने एकच वाट निवडायची, आणि चुकली तर चुकली. ७ नोव्हेंबर २०२४ ला हा नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. लगेच युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅट टायगर्स हा डब्ल्यूएचएल संघ सोडून अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला, तोही ज्याला सगळे पुढचा मोठा खेळाडू म्हणत होते असा. आता अठराव्या वर्षी ड्राफ्ट झाला नाही म्हणून सगळं संपलं, असं राहिलेलं नाही. तरी चौदा वर्षांच्या मुलाचे आईबाप मला फोन करून विचारतात ते अजून जुनंच.

कॅलगरीहून एक बाई विचारत होत्या, हॉकी अकॅडमीत घालू का, वर्षाला हजारो डॉलर मागताहेत. मी म्हटलं, मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला? त्या गोंधळल्या. मग विचारलं, उन्हाळ्यात तो काय खेळतो? तर उन्हाळ्यातही हॉकीच, आणि बाराव्या वर्षी त्याचा खासगी स्केटिंग कोच. मी त्यांना माझं मत सांगितलं, तुम्हालाही सांगते: उन्हाळ्यात त्याला फुटबॉल खेळू द्या, पोहू द्या, नुसता लोळू द्या. अंगाची धडक मारणं कॅनडात तेराव्या वर्षाआधी नाहीच. २०१३ पासून तसा नियम आहे आणि तो मेंदूच्या दुखापतींमुळे आहे. मानेचं संरक्षक कवच डब्ल्यूएचएलने सक्तीचं केलं ते २०२३ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये ॲडम जॉन्सन या खेळाडूचा गळ्याला स्केटचं पातं लागून मृत्यू झाल्यावर. तोवर डब्ल्यूएचएलमध्ये ते ऐच्छिक होतं. आमच्या मुलाने कधी घातलं नाही, गरम होतं म्हणायचा.

मुलींचं तर तुमच्या चौकटीत नावही नव्हतं. त्यांना अशी ज्युनिअर लीगच नाही; त्या विद्यापीठातून जातात, आणि त्यांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. त्यांतल्या बहुतेक हाती पदवी घेऊन व्यावसायिक होतात. त्यावर कोणीतरी स्वतंत्र लिहावं.

उशिरा पिकणाऱ्यांचीही उदाहरणं हवीत ना? आपल्याकडच्या वाचकाला जवळचं वाटेल असं एक देते. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बैंस रेड डिअर रेबेल्सकडून खेळायचा. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. विसाव्या वर्षी, म्हणजे त्याच ओव्हरएजरच्या हंगामात, २०२१-२२ मध्ये त्याने ११२ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेली मदत मिळून) करून अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये पहिला क्रमांक काढला, आणि मार्च २०२२ मध्ये व्हँकूव्हर कनक्स या एनएचएल संघाने त्याच्याशी करार केला. एनएचएलमधला पहिला सामना २०२४ च्या फेब्रुवारीत. जेमी बेन २००७ मध्ये १२९ वा निवडला गेला होता. तो पुढे एनएचएलमधल्या डॅलसच्या संघाचा कर्णधार झाला आणि २०१५ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मानकरी. उलट कॉनर बेडार्डसारखेही असतात. त्याला पंधराव्या वर्षीच ‘अपवादात्मक’ ठरवून डब्ल्यूएचएलमध्ये आत घेतलं, आणि त्याने २०२२-२३ मध्ये रेजायना पॅट्सकडून ५७ सामन्यांत १४३ गुण केले. तो आमच्या भागात खेळायला आला की तिकिटं संपलेली असायची. बेडार्डवर लिहायला जग बसलेलं आहे. बैंसवर मराठीत एक ओळ मी पाहिली नाही.

तर मागणी अशी. ज्युनिअर खेळाडूवर बातमी करताना चार गोष्टी छापा: कितव्या फेरीत निवड, करार झाला की नाही, शिष्यवृत्तीची किती वर्षं साठली, शाळा कुठवर. आणि ही ड्राफ्टची यादी कचेरीत कापून ठेवा. दोन-तीन वर्षांनी तीच नावं घेऊन पुन्हा बसा, कोण कुठे आहे ते शोधा आणि तेवढीच मोठी चौकट करा. माहिती सगळी जाहीर असते, लीगच्या संकेतस्थळांवर मिळते. एका शिकाऊ पत्रकाराचं दोन दिवसांचं काम आहे. शेवटच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात केलीत तर अधिक बरं.

आपली नम्र,
एक वाचक
सास्काचेवान, कॅनडा